मैफलही, परिसंवादही: विद्यापीठातल्या शास्त्रीय संगीत महोत्सवासाठी निधी कसा उभारावा

संगीत महोत्सव करायचं ठरलं की पहिला फोन कलाकाराला जातो. 'अमुक तारखा मोकळ्या ठेवाल का?' समोरून होकार येतो, आपण हरखतो, आणि मग पैसे कुठून आणायचे याचा विचार सुरू होतो. हे मी दोनदा केलं आहे. दोन्ही वेळा शेवटच्या महिन्यात दिसेल त्या खर्चाला कात्री लावावी लागली आणि परिसंवादातले निबंध छापायला पैसे उरले नाहीत ते नाहीतच. तिसऱ्या वेळी क्रम उलटा केला. आधी विषय, मग अंदाजपत्रक, मग मोठे देणगीदार आणि कलाकाराला पक्का शब्द सगळ्यात शेवटी. खाली जे लिहिलं आहे ते या उलट्या क्रमाबद्दल. संगीत हिंदुस्थानी असो, कर्नाटक असो की पाश्चात्त्य, हिशेबाचं गणित फारसं बदलत नाही.

विषय ठरवा, नावं नंतर (१४ ते १२ महिने आधी)

मैफलीला पैसे देणारा माणूस आणि परिसंवादाला पैसे देणारी संस्था सहसा एकमेकांना ओळखतही नाहीत. पहिल्याला आठवणीत राहील अशी संध्याकाळ हवी असते. दुसरीला वर्षभराने हातात पुस्तक हवं असतं. 'महोत्सव आणि परिसंवाद' असं नुसतं 'आणि'ने जोडलेलं प्रकरण घेऊन गेलात, तर पहिला म्हणतो, 'ते भाषणांचं कशाला?' आणि दुसरी म्हणते, 'गाण्याला आम्ही अनुदान देत नाही.' दोघांचा एकमेकांवाचून भागणार नाही असा विषय हवा.

१९१६ साली बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. तिथे उस्ताद आणि अभ्यासक एकाच छताखाली आले, चर्चा झाल्या आणि गाणं-बजावणंही झालं. पुढे दिल्ली, बनारस, लखनौ असा तिचा प्रवास झाला आणि १९२६ साली लखनौचं संगीत महाविद्यालय उभं राहिलं. मद्रासच्या म्युझिक अकादमीचं मूळही १९२७ साली काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी भरलेल्या संगीत परिषदेत आहे. तिथे डिसेंबरात सकाळी सप्रयोग व्याख्यानं (म्हणजे गाऊन-वाजवून दाखवत दिलेली) आणि नंतर मैफली, हा पायंडा पडला. चर्चा आणि मैफल यांची शिवण सप्रयोग व्याख्यानात असते. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत ते नसेल, तर पुढचं सगळं मागणं लंगडं पडेल.

उदाहरणादाखल हार्मोनियम घ्या. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने या वाद्यावर बंदी घातली आणि ती शिथिल व्हायला तीसेक वर्षं लागली. नुसत्या 'हार्मोनियम' या विषयावर एकल वादनाची मैफल होते, साथीची परंपरा ऐकवता येते, स्वरांतरांवर निबंध येतात, रेडिओच्या इतिहासावर सत्र होतं. पैशाच्या वाटाही त्यातूनच फुटतात. वाद्यनिर्माते, ध्वनिमुद्रणांचे संग्राहक, माध्यमविद्या विभाग, इतिहासाला अनुदान देणाऱ्या संस्था, सगळ्यांचं त्यात काही ना काही आहे. 'भारतीय संगीत: परंपरा आणि आधुनिकता' या शीर्षकाला एवढ्या वाटा फुटत नाहीत. त्या शीर्षकाखाली काहीही बसतं, म्हणून कुणालाच ते आपलं वाटत नाही.

अंदाजपत्रकाचे तीन रकाने आणि तीन आवृत्त्या

एक रकाना मैफलींचा, एक परिसंवादाचा, एक सामाईक खर्चाचा. हे वेगळं ठेवण्याचं कारण सरळ आहे. अभ्यासाला अनुदान देणाऱ्या बहुतेक संस्था कलाकाराची बिदागी आणि भोजनखर्च नाकारतात, आणि मैफलीच्या प्रायोजकाला निबंधसंग्रहाच्या संपादनात रस नसतो. एकच एकूण आकडा दाखवलात, तर दोघांनाही आपला पैसा भलतीकडे जाईल अशी शंका येते.

विसरल्या जाणाऱ्या बाबींची माझी यादी दर वर्षी वाढते आहे. साथीदारांचं मानधन आणि प्रवास मुख्य कलाकाराच्या आकड्यात धरला आहे की वेगळा, हे विचारायचं राहून जातं. तानपुरे सुखरूप आणण्याचा खर्च. चेलोसारखं वाद्य असेल तर विमानात त्याचं स्वतंत्र तिकीट. पियानो असेल तर तो आदल्या दिवशी नव्हे, प्रत्येक मैफलीआधी जुळवावा लागतो. ध्वनिचाचणीच्या वेळेचं सभागृहभाडं, वेळ लांबली तर कर्मचाऱ्यांचा जादा भत्ता, मानधनावरची करकपात, ऑनलाइन भरण्यावरचं शुल्क, ध्वनिचित्रमुद्रणाचं संपादन, निबंधसंग्रहाची छपाई. आणि सगळ्यात फसवी बाब म्हणजे बाहेरून आलेल्या निधीतून विद्यापीठ स्वतः कापून घेत असलेला प्रशासकीय वाटा. तो किती टक्के आहे हे वित्त विभागाला पहिल्याच आठवड्यात लेखी विचारा. एकूण खर्चाच्या १० टक्के रक्कम अनपेक्षित खर्चासाठी ठेवा आणि ती कलाकार वाढवण्यात उडवू नका.

याच अंदाजपत्रकाच्या तीन आवृत्त्या करा: किमान, मध्यम आणि मनाजोगती. किमान आवृत्ती म्हणजे आज हातात असलेल्या आणि लेखी मिळालेल्या पैशांत नक्की होईल तो कार्यक्रम. एक दिवस, दोन मैफली, सहा निबंध, एवढाही असेल. ही आवृत्ती कागदावर असली की देणगीदाराशी बोलताना आवाजात अजिजी येत नाही. कार्यक्रम होणारच आहे, तुमच्यामुळे तो किती मोठा होईल एवढंच ठरायचं आहे, असं मग खरेपणाने म्हणता येतं.

वस्तुरूपाने मिळालेली मदतही आकड्यात मांडा. सभागृह फुकट मिळालं तर त्याचं बाजारभावाने होणारं भाडं जमेच्या बाजूलाही लिहा आणि खर्चाच्या बाजूलाही. विद्यापीठाने स्वतःचा वाटा उचलला आहे हे बाहेरच्या संस्थेला त्यातून दिसतं, आणि अर्जातल्या 'इतर स्रोतांकडून मिळालेलं साहाय्य' या रकान्यात लिहायला काहीतरी हाती लागतं.

आधी घरात मागा (१२ महिने आधी)

कुलगुरूंची परवानगी, कार्यक्रमाचं स्वतंत्र लेखाशीर्ष, पावती कोण देणार, धनादेश कुणाच्या नावे, देणगीदाराला करसवलतीचं प्रमाणपत्र मिळू शकतं का. हे कंटाळवाणं काम पहिल्या महिन्यात उरका. एकदा एका माजी विद्यार्थ्याने जागेवर चेकबुक काढलं आणि 'कुणाच्या नावे लिहू?' असं विचारलं. आम्ही तिघे एकमेकांकडे बघत राहिलो. 'कळवतो' म्हणालो. कळवेपर्यंत तीन आठवडे गेले आणि चेक काही आला नाही.

माजी विद्यार्थी किंवा निधी विभाग असेल तर त्यांच्याशी आधी बोला. तुम्हाला ज्या उद्योगपतीकडे जायचं आहे, त्याच्याकडे तेच लोक कदाचित नव्या प्रयोगशाळेसाठी मोठी रक्कम मागत असतील. तुम्ही परस्पर जाऊन छोट्या रकमेवर त्याची बोळवण करून घेतलीत, तर विद्यापीठात तुमचं कुणी पुन्हा ऐकून घेणार नाही.

घरातून रोख रक्कम मागू नका, निदान सुरुवातीला नको. सभागृह, अतिथिगृहातल्या खोल्या, छपाई, वाहन, विद्यार्थी स्वयंसेवक मागा. मग इतर विभागांकडे जा. संगीताचा कार्यक्रम म्हणजे संगीत विभागाचा, ही समजूत पैशाच्या दृष्टीने महागात पडते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली तबला-मृदंगासारख्या चर्मवाद्यांतल्या स्वरयुक्त नादावर 'नेचर'मध्ये टिपण प्रसिद्ध केलं होतं. शाईमुळे, म्हणजे कातड्यावरच्या काळ्या लेपामुळे, कंपनांचे वरचे स्वर मूळ स्वराशी सुसंवादी होतात, हा त्याचा गाभा. ही एक गोष्ट सांगून मी भौतिकशास्त्र विभागाकडून ध्वनिशास्त्राच्या सत्राचे दोन वक्ते प्रवासखर्चासह मिळवले आहेत. भाषाविभागाला बंदिशींची भाषा, इतिहासाला राजाश्रय, ग्रंथालयाला जुन्या ध्वनिमुद्रिकांचं जतन. प्रत्येक विभागाच्या व्याख्यानमालेच्या तरतुदीतून एकेक वक्ता आला, तरी परिसंवादाचा निम्मा खर्च उतरतो.

देणग्यांची उतरंड मांडा

'हजार लोकांनी थोडं थोडं दिलं तरी पुरे' हे वाक्य प्रत्येक समितीत कुणीतरी म्हणतंच. तसं होत नाही. बहुतेक निधी मोजक्या मोठ्या देणग्यांतून येतो. लक्ष्य १०० भाग धरा. त्यातले २० भाग एकाच देणगीदाराकडून, १० भागांच्या दोन, ५ भागांच्या चार, २ भागांच्या दहा देणग्या. एवढ्यात ८० भाग झाले. उरलेले २० तिकिटं, नोंदणीशुल्क आणि लहान देणग्या मिळून. म्हणजे मोठ्या-मध्यम देणग्या सतराच. पण एका होकारामागे तीन-चार खरीखुरी नावं लागतात, तेव्हा यादी पन्नास ते सत्तर नावांची हवी.

आता समितीला बसवून ती नावं लिहा. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी: या माणसाला संगीताशी काय देणंघेणं आहे, आपल्यापैकी त्याला कोण ओळखतं, आणि याआधी त्याने कशाला पैसे दिले आहेत. तिन्ही रकाने रिकामे असतील तर ते नाव खोडा, मग तो कितीही श्रीमंत असो. यादी तीसच्या पुढे सरकत नसेल तर मनाजोगती आवृत्ती बाजूला ठेवा आणि मध्यमवर या. हा निर्णय या टप्प्यावर फुकट असतो. तोच चार महिन्यांनी घेतला तर नामुष्कीचा होतो.

संस्थांचे अर्ज (१२ ते ८ महिने आधी)

संशोधनाला मदत करणाऱ्या संस्था, सांस्कृतिक न्यास आणि परदेशी कलाकार असल्यास त्या देशाचं सांस्कृतिक केंद्र, असे तीन वेगळे दरवाजे आहेत. तिसऱ्याकडून रोख रकमेपेक्षा विमानप्रवास मिळण्याची शक्यता जास्त. तिघांचेही अर्ज ठराविक मुदतीत घेतले जातात आणि निर्णयाला महिने लागतात, म्हणून अर्ज आधी, भित्तिपत्रक नंतर. अर्जात संगीताची महती गाणारी पानं नकोत. कुणी निबंध वाचणार, त्यांची निवड कोण आणि कशी करणार, निबंध कधी छापून येणार, ध्वनिमुद्रणं अभ्यासकांना कुठे मिळणार, विद्यार्थ्यांना काय मिळणार, एवढं नेमकं लिहा. आणि नियमावलीत एक ओळ शोधा: रक्कम आधी मिळते की खर्चाची बिलं दिल्यावर? बिलं दिल्यावर मिळणार असेल, तर मंजुरीचं पत्र हातात असूनही महोत्सवाच्या दिवशी तिजोरी रिकामी असते. त्या मधल्या काळासाठी विद्यापीठाकडून आगाऊ रकमेची लेखी सोय करून घ्या.

मागायचं कसं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकीचं सगळं नीट करून लोक याच जागी अडखळतात.

मोझार्टचं उदाहरण घ्या. १७८४च्या मार्चमध्ये व्हिएन्नात त्याने वर्गणीच्या मैफली केल्या आणि वडिलांना १७४ वर्गणीदारांची यादी मोठ्या अभिमानाने पाठवली. पाच वर्षांनी, जुलै १७८९ मध्ये, त्याने तशीच यादी पुन्हा फिरवली. दोन आठवड्यांत तिच्यावर एकच नाव आलं, फान स्वीटन या संगीतप्रेमी सरदाराचं. माणूस तोच होता, प्रतिभाही तीच. काळ मात्र बदलला होता. तुर्कांशी युद्ध चालू होतं आणि त्याच्या मैफलींची पहिली नवलाई ओसरली होती. म्हणून फिरवलेल्या यादीवर, सामूहिक ईमेलवर आणि 'आपणही सहभागी व्हा' छापाच्या पत्रकावर विसंबू नका. मोठ्या रकमा समोरासमोर बसून मागाव्या लागतात.

भेटीला दोघांनी जावं. एकजण देणगीदाराच्या ओळखीचा, दुसरा विषय जाणणारा. शक्य असेल तर एखादी विद्यार्थिनी बरोबर घ्या आणि ती या महोत्सवात काय सादर करणार आहे ते तिलाच सांगू द्या. पहिली दहा मिनिटं त्यांना बोलतं करा: कुणाचं गाणं पहिल्यांदा ऐकलं, घरात कोण वाजवत होतं. मग एक पान पुढे ठेवा, एकच. आणि विशिष्ट बाबीसाठी विशिष्ट रक्कम मागा. 'यथाशक्ती' म्हणालात की समोरचा शक्तीपेक्षा खूपच कमी देतो, आणि त्याचा दोषही नसतो. किती अपेक्षित आहे हे त्याला कळलेलंच नसतं.

आकडा सांगितला की गप्प बसा. ही शांतता जड वाटते, आपण ती घाईघाईने भरतो आणि 'म्हणजे थोडं कमी असलं तरी चालेल' असं बोलून बसतो. मी बोललो आहे. समोरचे गृहस्थ पूर्ण रकमेला होकार देण्याच्या बेतात होते, हे त्यांनीच नंतर हसत हसत सांगितलं.

भेटीनंतर त्याच दिवशी पत्र जावं. मजकूर साधारण असा:

'महोदय, आज आपण वेळ दिलात, त्याबद्दल आभारी आहोत. दुसऱ्या दिवशी सकाळी होणाऱ्या तीन सप्रयोग व्याख्यानांचा संपूर्ण खर्च आपण उचलावा, अशी विनंती आम्ही केली होती. त्यात वक्त्यांचं मानधन, साथसंगत, ध्वनिचित्रमुद्रण आणि त्या मुद्रणाचं ग्रंथालयातलं जतन यांचा समावेश आहे. खर्चाचा तपशील सोबत जोडला आहे. आपला निर्णय आम्हाला महिनाअखेरपर्यंत कळला, तर वक्त्यांना तारखा निश्चित करून देता येतील. कार्यक्रमानंतर साठ दिवसांत खर्चाचा हिशेब आपल्याकडे पोचवण्याची जबाबदारी आमची.'

यात भारदस्त शब्द नाहीत, पण बाब, रक्कम, मुदत आणि हिशेब चारही आहेत. सही कार्यक्रमाच्या प्रमुखाची असावी, 'संयोजन समिती'ची नको. समितीला कुणी उत्तर पाठवत नाही.

कंपन्या आणि प्रायोजकत्व

मोठ्या कंपनीत पैशाच्या दोन थैल्या असतात: जाहिरातीची आणि सामाजिक दायित्वाची. त्या वेगवेगळ्या लोकांच्या हातात असतात आणि त्यांचे नियमही वेगळे. सामाजिक थैलीतून मागायला गेलात आणि बोलताना बोधचिन्ह, फलक, श्रोत्यांची संख्या यांचाच पाढा वाचलात, तर तिथलं दार बंद होतं. तिकडे शिष्यवृत्त्या, जतन, नवोदितांचं प्रशिक्षण बोला. जाहिरात विभागाशी बोलताना मात्र श्रोते कोण आणि किती, हेच आधी सांगा.

कराराशिवाय प्रायोजक घेऊ नका. रक्कम किती हप्त्यांत, शेवटचा हप्ता कार्यक्रमाआधी किती दिवस, नाव कुठे कुठे, हे लिहून घ्या. दोन अटी मी सोडत नाही. गाणाऱ्याच्या पाठीमागे जाहिरातीचा पडदा लागणार नाही आणि दोन रागांच्या मध्ये सत्कार-भाषणं होणार नाहीत. तिसरी अट परिसंवादाची: निबंधांच्या निवडीत प्रायोजकाचा हात नाही. कुणी याला नाक मुरडलं तर ती रक्कम जाऊ द्या.

जाहीर आवाहन (५ ते ३ महिने आधी)

निम्म्याहून जास्त रक्कम शांतपणे जमल्यावरच सार्वजनिक मोहीम उघडा. शून्यावरचा काटा बघून कुणी पहिलं नाणं टाकत नाही. मोहीम महिनाभराचीच ठेवा. पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात ओघ असतो, मधले दिवस कोरडे जातात, त्यासाठी कलाकारांच्या छोट्या चित्रफिती राखून ठेवा. ठरलेली रक्कम जमली तरच पैसे मिळणार की जमेल तेवढी मिळणार, हे वर्गणी गोळा करणाऱ्या ऑनलाइन मंचानुसार बदलतं. किमान आवृत्तीचा खर्च आधीच सुटला असेल, तर दुसरा प्रकार बरा.

देणगीदारांना द्यायच्या भेटी खर्चिक नकोत. छापील पिशव्या आणि पेल्यांवर वर्गणीचा मोठा हिस्सा खर्च झालेला मी पाहिला आहे. ध्वनिचाचणीला बसायची परवानगी, वक्त्यांबरोबर तासभराच्या गप्पा, निबंधसंग्रहात नाव, यांना जवळजवळ काही लागत नाही. ध्वनिमुद्रण देण्याचं वचन मात्र कलाकाराच्या लेखी संमतीशिवाय देऊ नका. तो हक्क त्यांचा आहे.

तिकीट लावावं की नाही, यावर समितीत भांडणं होतात. माझं मत: लावावं, विद्यार्थ्यांना नाममात्र, परिसंवाद सगळ्यांना खुला. फुकट प्रवेशिका घेतलेले बरेचजण येतच नाहीत आणि पुढच्या रांगा ओस दिसतात. तिकिटांचं उत्पन्न निम्म्या आसनांइतकंच धरा.

शब्द कधी द्यायचा

पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे मुंबईत कर्ज काढून इमारत उभी केली. १९२४ साली धनकोंनी ती लिलावात काढली. जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नरने बायरॉइट गावातल्या आपल्या नाट्यगृहासाठी ३०० थालरचं (थालर म्हणजे तिथलं तेव्हाचं चांदीचं नाणं) एक अशी १,००० आश्रयपत्रं विकायला काढली. ती पुरेशी खपली नाहीत, १८७४ साली बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याच्याकडून कर्ज घ्यावं लागलं, १८७६चा पहिला महोत्सव तुटीत गेला आणि दुसरा व्हायला १८८२ उजाडलं. यांच्याइतकी माणसं जोडण्याची ताकद आपल्यात नाही, तेव्हा आपण तारखा पाळाव्यात.

सहा महिने आधीची एक तारीख ठरवा. त्या दिवशी फक्त लेखी होकार मोजायचे, तोंडी एकही नाही. जी आवृत्ती त्या रकमेत बसते तिचेच करार करायचे. कलाकारांशी आधी बोलणं ठेवा, पण 'या तारखेला पक्कं सांगू' असं स्पष्ट सांगून. मोठे कलाकारही हे समजून घेतात. पक्कं सांगून मग बिदागी कमी करायला सांगणाऱ्या संयोजकाचं नाव मात्र त्या वर्तुळात फार लवकर फिरतं.

कार्यक्रमानंतरचे साठ दिवस

आभारपत्रं दोन दिवसांत, हाताने लिहिलेली एक ओळ असलेली. विद्यार्थ्यांकडून आली तर उत्तम. हिशेब साठ दिवसांत, त्यात काय जमलं नाही तेही. एखाद्या सत्राला पंधराच माणसं होती, तर पंधराच लिहा. शिल्लक उरली असेल तर ती कुठे वळवू, असं मोठ्या देणगीदारांना विचारा, परस्पर वापरू नका.

निबंधसंग्रहाचा संपादक महोत्सवाच्या आधी नेमा आणि छपाईची रक्कम वेगळी काढून ठेवा. वक्त्यांकडून निबंध येतात तेव्हा सगळे थकलेले असतात आणि हे काम पुढे ढकललं जातं. पण पुस्तक छापून आलं की त्याची प्रत घेऊन पुन्हा त्याच सतरा दारांशी जाता येतं, आणि या वेळी चहा येण्याआधीच पुढच्या वर्षीचा विषय निघतो.